दिवेलागणीपूर्वीचा बंदोबस्त

ज्या मुलखाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्या मुलखात एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ आपल्या घड्याळाच्या अवघ्या २० मिनिटांचा असतो. त्यांपैकी दहा मिनिटे स्वच्छ उजेडाची, दोन्ही संधिकालांची मिळून तीन, आणि उरलेली सात निबिड रात्रीची. डोंगर, वृक्ष, जलाशय, मेघ, गाईगुरे, इतकेच नव्हे तर सूर्य आणि चंद्रसुद्धा तेथे चौकोनी आहेत. सारी सृष्टी एकेक घनमीटर आकारमानाच्या ठोकळ्यांनी रचलेली असून त्यांतला जवळजवळ प्रत्येक ठोकळा खेळणाऱ्याला फोडता येतो, झोळीत टाकता येतो आणि मनास येईल तेथे पुन्हा बसवता येतो. दिवस मावळला की ज्या ज्या ठिकाणी दिव्याचा उजेड पोहोचलेला नाही त्या त्या ठिकाणी निशाचर उत्पन्न होतात: चालती प्रेते, धनुर्धारी सांगाडे, भिंतीवर चढणारे महाकाय कोळी, आणि पावलांचा आवाज न करता पाठीशी येऊन स्वतःचाच स्फोट घडवून आणणारा तो हिरवा प्राणी, ज्याला सारे जग ‘क्रीपर’ म्हणून ओळखते.

या खेळाचे नाव ‘माइनक्राफ्ट’. मार्कुस पर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ च्या मे महिन्यात त्याचे पहिले कच्चे रूप लोकांपुढे ठेवले; १८ नोव्हेंबर २०११ रोजी तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला; २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो करणारी मोयांग ही स्टॉकहोमची कंपनी अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली; आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. आमच्या मुंबईच्या उपनगरांत, म्हणजे पश्चिम रेल्वेवर अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि मध्य रेल्वेवर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, शाळकरी मूल असलेल्या घरांत हे नाव आता इतके परिचयाचे झाले आहे की आजीसुद्धा नातवाला जेवायला बोलावताना ‘तुझी ती रात्र संपली का रे?’ असे सहज विचारून जाते. परंतु परिचय आणि ज्ञान यांत अंतर असते. बहुतेक वडीलधाऱ्यांची समजूत अशी, की पोरे पडद्यावर राक्षस मारीत बसतात आणि त्यात त्यांचा वेळ फुकट जातो. ही समजूत मला अपुरी वाटली, म्हणून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली येथील खेळणाऱ्यांच्या शेजारी बसून, त्यांचे हात आणि त्यांचे डोळे पाहत, राक्षसांशी होणाऱ्या या झुंजीचा मामला मुळापासून समजून घेण्याचा उद्योग मी आरंभिला. त्यातून जे मत बनले ते प्रारंभीच सांगतो: या खेळात जो रात्रीतून जगून निघतो तो आपल्या तलवारीमुळे क्वचितच निघतो. दिवस असताना त्याने जी तजवीज केलेली असते तिच्यामुळे तो निघतो, आणि जी मुले हा खेळ मन लावून खेळतात त्यांना या तजविजीचे शिक्षण इतक्या लहान वयात मिळते, की त्याची दखल न घेणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

नवखा माणूस या भूमीवर प्रथम उतरतो तेव्हा त्याच्यापाशी काहीच नसते. मुठीने झाडाचे खोड फोडावे, त्याच्या फळ्या कराव्यात, फळ्यांचे कामाचे मेज करावे, मेजावर लाकडी कुदळ घडवावी, कुदळीने दगड काढावा, दगडाची कुदळ करावी, कोळसा शोधावा, आणि तो न मिळाल्यास दगडाची भट्टी रचून तीत लाकूड जाळून कोळसा करून घ्यावा: हा क्रम दहा मिनिटांच्या त्या पहिल्या दिवसात उरकावा लागतो. एक कोळसा आणि एक काठी यांपासून चार टॉर्च होतात. तीन मेंढ्यांची लोकर आणि तीन फळ्या मिळाल्या तर पलंग होतो, आणि पलंगावर निजले की रात्र सरते. परंतु पहिल्याच दिवशी मेंढ्या भेटतील याची शाश्वती नसते. मग अनुभवी माणूस जे करतो ते पाहून मला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची आठवण झाली. तो डोंगराच्या उभ्या अंगात दोन-तीन ठोकळे खोल शिरतो, आत एक कोनाडा खोदतो, तोंड दगडाने बुजवतो, टॉर्च लावतो आणि स्वस्थ बसून राहतो. कान्हेरीत इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे बौद्ध भिक्षूंनी काळा पाषाण कोरून शंभरांवर लेणी केली. त्यांतल्या कितीतरी लेण्यांत निजण्यासाठी दगडातच ठेवलेला ओटा आहे, बाहेर पाण्याचे टाके आहे, आणि पाऊस त्या टाक्यांत आणून सोडणारे पन्हाळ खडकात कोरलेले आहेत. त्या भिक्षूंना राक्षसांचे भय होते असे मला सुचवावयाचे नाही. वर्षावासात अरण्यातल्या पर्वताच्या पोटात सुरक्षित, कोरडे आणि पाण्याजवळ राहावयाचे तर काय काय लागते याचा त्यांनी विचार केला, आणि तोच विचार बोरिवलीतील सातवीतला विद्यार्थी आपल्या परीने, त्याच उद्यानाच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर बसून, करीत असतो एवढेच मी नमूद करतो.

मुलुंड पूर्वेला, जेथून मिठागरांच्या बाजूचे आकाश अजून मोकळे दिसते अशा एका जुन्या सोसायटीत, अकरावीतील बहीण आणि सहावीतील भाऊ यांच्यामागे खुर्ची टाकून मी एक संपूर्ण रात्र, म्हणजे अर्थातच तेथली रात्र, पाहिली. ताईचे घर तळ्याकाठी होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकताच तिने हातातले काम टाकले. पायाशी हिऱ्याचा निळसर ठोकळा लकाकत होता तरी टाकले. ‘काका, हिरा उद्याही इथंच असणार आहे,’ असे ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. घराकडे परतताना ती दर सात-आठ पावलांवर जमिनीत एक टॉर्च खोवीत चालली होती, आणि प्रत्येक टॉर्च वाटेच्या उजव्या हाताला. कारण विचारता तिने सांगितले, की सकाळी बाहेर पडताना टॉर्च डाव्या हाताला येतात, म्हणजे गुहेत वाट चुकली तरी आपण बाहेर चाललो आहोत की खोल जात आहोत हे तत्काळ कळते. भाऊ तेवढ्यात घराच्या भोवतालची भिंत फिरून पाहत होता. एका कोपऱ्यात, शिडीच्या मागे, उजेड पोहोचत नव्हता. ‘ताई, इथे ब्लॅक आहे, इथे स्पॉन होणार,’ असे तो ओरडला आणि तिने तेथे टॉर्च लावल्याखेरीज त्याने दार लावू दिले नाही.

या उजेडाचा हिशेब नीट सांगितला पाहिजे, कारण साऱ्या युद्धाचे मर्म त्यात आहे. खेळात प्रकाशाची मोजणी शून्यापासून पंधरापर्यंत होते. टॉर्चच्या जागी ती चौदा असते आणि एकेक ठोकळा दूर जावे तशी एकेक अंशाने उतरत जाते. पूर्वी सातपर्यंतच्या मंद उजेडातही राक्षस उत्पन्न होत असत. २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या आवृत्तीने हा नियम बदलला, आणि तेव्हापासून दिव्याचा प्रकाश जेथे अगदी शून्य आहे तेथेच त्यांना जन्म घेता येतो. त्यामुळे जुनी माणसे अजूनही दाटीने टॉर्च लावतात आणि नवी मुले विरळ लावतात, आणि टॉर्चची संख्या पाहून खेळणारा कोणत्या काळचा आहे हे ओळखता येते, असे मला अंधेरीच्या एका तरुणाने सांगितले. याचा तात्पर्यार्थ असा, की राक्षस मारण्याहून त्याचा जन्मच होऊ न देणे सोपे आहे, आणि तो जन्म रोखण्यासाठी शौर्य लागत नाही, कोनाकोपऱ्याची आठवण लागते. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधानंतर चौदाव्या दिवसाचे युद्ध रात्रीही चालू राहते, तेव्हा दुर्योधन पदातींना शस्त्रे खाली ठेवून हातांत दीप घेण्याची आज्ञा करतो, रथांवर आणि गजांवर दीप उजळले जातात, आणि तरीही त्याच रात्री निशाचरबल वाढलेल्या घटोत्कचापुढे कौरवसेनेची दाणादाण उडून कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती खर्ची घालावी लागते. रात्र पडल्यावर, शत्रू समोर उभा असताना लावलेले दिवे किती अपुरे ठरतात याचा याहून थोर दाखला मला ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष झुंजीकडे वळू. माणसाच्या अंगी तेथे दहा हृदयांएवढे आयुष्य असते आणि प्रत्येक हृदय अर्ध्याअर्ध्याने खर्ची पडते. पोट भरलेले असेल तर गेलेले आयुष्य हळूहळू भरून येते, रिकामे असेल तर येत नाही. म्हणून लढाईला निघण्यापूर्वी भाकरी किंवा भाजलेले मांस जवळ आहे की नाही हे पाहणे तलवारीची धार पाहण्याइतकेच महत्त्वाचे. चालत्या प्रेताला, ज्याला मुले झॉम्बीच म्हणतात, भिण्याचे कारण नाही: तो सरळ येतो, संथ येतो आणि सकाळच्या उन्हात पेटून मरतो. मात्र त्याचे पोर चपळ असून एका ठोकळ्याच्या फटीतूनही आत शिरते, त्याउलट कोळ्याचे अंग रुंद असल्याने त्या फटीत तो अडतो. सांगाड्याशी मोकळ्या मैदानात गाठ पडू देऊ नये. सहा फळ्या आणि एक लोखंडी वीट यांपासून होणारी ढाल पुढे धरून झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाने जवळ जावे आणि त्याला कोपऱ्यावर गाठावे. उंच, काळ्या एंडरमनच्या डोळ्यांत पाहिले की तो चवताळतो, म्हणून नजर जमिनीवर ठेवावी. आणि ती चुकून भिडलीच तर दोन ठोकळे उंचीच्या छपराखाली उभे राहावे, कारण त्याची उंची जवळजवळ तीन ठोकळ्यांची असल्याने तो तेथे शिरू शकत नाही.

क्रीपरविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. त्याची उत्पत्तीच मोठी विलक्षण आहे. पर्सन डुकराची आकृती तयार करीत असता लांबी आणि उंची यांची अदलाबदल झाली, आडव्या डुकराऐवजी चार आखूड पायांवर उभा राहिलेला एक लंबकाय प्राणी पडद्यावर आला, आणि त्या चुकीलाच हिरवा रंग देऊन त्याने शत्रू केले. हा बाण मारीत नाही, चावत नाही. तो तीन ठोकळ्यांच्या अंतरात येतो, थांबतो, वात पेटल्यासारखा फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. त्या फुटण्याने माणूस मरतोच असे नाही, पण भिंत जाते, कोठार जाते, महिनाभर रचलेले घर दर्शनी बाजूने उघडे पडते. मुलांना त्याची जी भीती वाटते ती मरणाची नाही, केलेले काम जाण्याची आहे, हे मला घरोघर दिसले. त्याच्याशी लढण्याची रीतही त्यामुळे संयमाची आहे: धावत जाऊन एक घाव घालावा, त्या धक्क्याने तो मागे सरकतो, तोवर आपणही मागे व्हावे, त्याची फुसफुस शमू द्यावी, पुन्हा पुढे जावे. मुलुंडच्या त्या मुलाच्या ओठांवर या वेळी एक ताल होता, ‘मार, मागे, थांब, मार, मागे, थांब’, आणि थांबण्याच्या ठिकाणी त्याचे बोट खरोखर कळीवरून उचललेले असे. याखेरीज दोन उपाय मुले सांगतात. ढाल वेळेवर उचलली तर स्फोट अंगावर येत नाही. आणि घरात मांजर पाळले तर क्रीपर त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

याच मुलाच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला करण्याची प्रथा अजून टिकून आहे, आणि ती टिकविणे आता सोपे राहिलेले नाही. पूर्वी अंगण होते, माती होती. आज सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसविलेले, त्यामुळे माळ्याकडून माती मागून आणावी लागते, जुन्या विटा पुनर्विकासाच्या कामावरून गोळा कराव्या लागतात आणि गोणपाट वाण्याकडून. हळीव पेरून हिरवळ आणणे, गेरू लावणे, बाजारातून मावळे आणणे हे पूर्वीप्रमाणेच चालते. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्यापासून कोणता किल्ला करावयाचा याविषयी मुलांत विशेष चुरस आहे. या मंडळींनी रायगड निवडला होता. महादरवाजा कोठे ठेवावा यावरून वाद झाला, तेव्हा मोठ्या मुलांच्या मते तो समोरून दिसला पाहिजे होता, आणि हा सहावीतला मुलगा हट्टाने म्हणत होता, की दरवाजा सरळ ठेवला तर सांगाडा दूरवरून आतपर्यंत बाण मारतो, म्हणून वाट बुरुजाला वळसा घालून आली पाहिजे. त्याचे म्हणणे रायगडाच्या प्रत्यक्ष रचनेशी जुळणारे होते. तेथे दोन बुरुजांच्या कवेत, वळणावर, महादरवाजा लपलेला आहे, आणि खालून येणाऱ्याला तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोल्हापूरच्या गादीसाठी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. दरवाजा खालच्या माऱ्यात येऊ नये, त्याच्यापुढे बुरुज असावा, गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष असून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, गडावर आधी पाण्याची सोय पाहावी, हा सारा तपशील त्यात अनुभवी मनुष्याच्या निश्चयाने मांडलेला आहे. मी त्यातील चोरदिंडीची गोष्ट मुलुंडच्या ताईला सांगितली तेव्हा तिने मला आपल्या घराखालचा बोगदा दाखविला, जो तळ्याच्या पलीकडे एका झुडपात निघत होता. दारासमोर क्रीपर येऊन उभा राहिला तर दार उघडून चालत नाही, म्हणून ही व्यवस्था. तिच्या भिंतीच्या माथ्यावर एक ठोकळा बाहेर काढलेली कड सर्वत्र फिरविलेली होती, कारण कोळी सरळ भिंत चढतो पण बाहेर आलेल्या कडेखाली अडकतो. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याच्या ज्या कड्यावरून चढून गेले, तो कडा अवघड म्हणूनच पहारेकऱ्यांच्या दुर्लक्षात राहिला असावा. या मुलीने आपल्या गडाची एकही बाजू तशी ठेवली नव्हती. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद होत आणि ते सकाळपर्यंत कोणासाठीही उघडत नसत, हा शिरस्ता हिरकणीच्या आख्यायिकेमुळे महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. त्याची निकड या मुलांना खेळातून कळली आहे.

घाटकोपर पश्चिमेच्या डोंगरउतारावरील दाट वस्तीत राहणारा एक अकरा वर्षांचा मुलगा हा खेळ आईच्या मोबाइलवर खेळतो, आणि तोही ती कामावरून परतल्यानंतर, संध्याकाळचा स्वयंपाक चालू असेपर्यंतच. पडद्याची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे आणि नेमका तेथेच उडी मारण्याचा खटका येतो. संगणकाच्या माऊसने लक्ष्य साधावे तसे बोटाने साधत नाही. मान वळवायची आणि घाव घालायचा ही दोन कामे एकाच अंगठ्याकडे येतात. या अडचणीतून त्याने स्वतःची एक युद्धनीती शोधून काढली आहे, आणि ती पाहून मला त्या मुलाविषयी खरा आदर वाटला. तो लढतच नाही. रात्री बाहेर राहण्याची पाळी आली तर पायाखाली एकावर एक ठोकळे रचत तो तीन पुरुष उंच खांबावर चढतो आणि उजाडेपर्यंत तेथे बसतो. गुहेत राक्षसाची चाहूल लागली तर वाट दोन ठोकळ्यांनी बुजवतो आणि बाजूने नवी वाट खणतो. घराच्या भिंतीत त्याने पायांच्या उंचीवर एक झरोका ठेवला आहे, ज्यातून बाहेरच्या झॉम्बीच्या पायांवर घाव घालता येतात आणि त्याचे हात मात्र आत पोहोचत नाहीत. ‘मोठे फोनवाले फाइट करतात, मी फाइट बंद करतो,’ असे त्याने आपल्या भाषेत सांगितले. मेल्यावर काय होते, हे त्याला चांगले माहीत आहे. ज्या जागी माणूस मरतो तेथे त्याचे सर्व सामान विखरून पडते आणि पाच मिनिटांत ते उचलले नाही तर नाहीसे होते. तो स्वतः पुन्हा आपल्या पलंगापाशी जागा होतो, रिकाम्या हातांनी. म्हणून त्याच्या पलंगाच्या उशाशी एक पेटी आहे, आणि तीत लोखंडी तलवार, ढाल, सोळा टॉर्च आणि दहा भाकरी असा एक जोड कायम तैनात असतो. तो इतर कोणत्याही कारणासाठी काढावयाचा नाही, असा त्याचा स्वतःपुरता सक्त हुकूम आहे.

हे सारे ही मुले शिकली कोठून? थोडे एकमेकांकडून, आणि बरेचसे यूट्यूबवरून. मराठी घरांतली ही मुले खेळाविषयी बोलताना हिंदी आणि इंग्रजी शब्द सरमिसळ वापरतात, याचे एक कारण ज्यांचे पाहून ती शिकली ते लोक हिंदीत बोलतात. त्यांतील मिथिलेश पाटणकर, ज्यांना मुले ‘मिथपॅट’ म्हणून ओळखतात, हे मुंबईच्या परिसरातलेच मराठी तरुण. २०२४ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी देशातल्या ज्या सात गेमर्सना भेटीस बोलावले होते त्यांत तेही होते. आपल्या गावच्या, आपल्या आडनावाच्या माणसाने मराठीत हा खेळ समजावून सांगावा अशी इच्छा मला ठिकठिकाणी आयांकडून ऐकू आली, आणि ती मला अगदी रास्त वाटते. २०२० च्या सप्टेंबरात पब्जीवर सरकारने बंदी घातली तेव्हापासून पुष्कळ घरांत सगळेच खेळ एका मापाने मोजले जाऊ लागले. वास्तविक त्या खेळात समोरची माणसे मारून शेवटी एकट्याने उरावयाचे असते, आणि येथे शेजाऱ्याला धरून रात्र काढावयाची असते. दोहोंचा परिणाम मुलांच्या मनावर एकच होईल असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

२०२२ साली या खेळात एक असा राक्षस आला, ज्याने लढाऊ वृत्तीच्या खेळाडूंचाही हिशेब बदलला. त्याचे नाव वॉर्डन. तो भूगर्भातल्या काळोखात राहतो, आंधळा आहे, आणि जमिनीच्या कंपनावरून व वासावरून माणूस ओळखतो. त्याचे आयुष्य माणसाच्या पंचवीसपट, आणि चिलखत नसेल तर त्याचा एक तडाखा पुरे. त्याला मारून हाती लागण्यासारखे जवळजवळ काहीच नाही, म्हणजे खेळ करणाऱ्यांनीच तो मारण्यासाठी केलेला नाही. त्याच्या राज्यात दबक्या पावलांनी चालावे, पायाखाली लोकर अंथरावी म्हणजे आवाज दबतो, आणि दूर एखादा बाण किंवा बर्फाचा गोळा टाकून त्याचे लक्ष तिकडे वळवावे. बोरिवलीच्या एका मुलीने हे मला समजावून देताना एकदम उद्यानातल्या बिबळ्याचा विषय काढला, कारण तिची इमारत वनहद्दीला लागून आहे आणि शाळेत वनखात्याची माणसे येऊन माहिती सांगून गेली होती. बिबळ्या राक्षस नव्हे, हे ती मला आवर्जून बजावत होती आणि तिचे बरोबर होते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या अरण्यात तो आपल्याआधीपासून राहतो. उद्यानालगतच्या आरेच्या पाड्यांतील आदिवासी वाघोबाला देव मानून पूजतात. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत माणसांवरील हल्ले वाढले तेव्हा पिंजरे लावून बिबळे पकडण्यावर भर होता. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसले, की पकडलेला बिबळ्या परमुलखात नेऊन सोडल्याने संघर्ष कमी होण्याऐवजी वाढतो. २०११ पासून वनखात्याने नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम चालविला, त्यातील सांगणे साधे आहे: वस्तीलगत कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबळ्या, वाटेवर आणि संडासाच्या बाजूला दिवे ठेवा, अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नका, बिबळ्या दिसला तर त्याला घेरू नका. आरेसारख्या ठिकाणी ज्या कुटुंबांनी आपली लेकरे गमावली आहेत त्यांच्या दुःखापुढे कोणत्याही खेळाची गोष्ट करणे अनुचित होईल. पण या मुलीला आपल्या इमारतीमागचा बंद पडलेला दिवा खटकला, तिने वडिलांकरवी सोसायटीच्या कमिटीला अर्ज दिला, आणि तो दिवा लागला, हे मी पाहिले आहे.

अखेरीस अंधेरीच्या मंडळींविषयी. बोरिवलीच्या एकाच शाळेतून निघालेले हे पाच जण आता तिशीकडे झुकले आहेत. दोघे सीप्झच्या बाजूला सॉफ्टवेअरच्या नोकरीत, एक बँकेत, एक जर्मनीत, आणि पाचवी घाटकोपरला सीएच्या कार्यालयात. शनिवारी रात्री जेवणे उरकल्यावर ते आपापल्या घरून एकाच मुलखात जमतात. एंडर ड्रॅगन हा या खेळातला शेवटचा मोठा शत्रू मानला जातो, आणि त्याच्यावरील स्वारीची तयारी त्यांनी पावसाळाभर केली. त्याच्या प्रांताचे दार उघडण्यासाठी बारा नेत्रमणी लागतात. त्यांच्यासाठी एंडरमन मारून मोती आणि नरकासारख्या अग्निलोकात जाऊन ज्वालादंडांची भुकटी मिळवावी लागते. ड्रॅगनच्या भोवती दहा काळ्या मनोऱ्यांवर स्फटिक असतात आणि जोवर ते शाबूत आहेत तोवर त्याच्या जखमा भरून येत राहतात, म्हणजे आधी शत्रूची कुमक तोडली पाहिजे. दोन स्फटिक लोखंडी पिंजऱ्यांत असल्यामुळे तेथे मनोरा चढून जावे लागते. जर्मनीतल्या मित्राकडे ते काम होते. बँकेतल्या मित्राने डोक्यावर कोरलेला भोपळा घातला होता, कारण तो घातला की नजर भिडली तरी एंडरमन चवताळत नाहीत, आणि जमिनीवरची हालचाल त्याने सांभाळली. सॉफ्टवेअरवाले दोघे धनुष्यांवर होते. पाचवीने तलवार हाती घेतलीच नाही. गहू पिकवणे, भाकरी करणे, गारगोटी, काठी आणि पीस जुळवून चार-चार बाण घडवणे, औषधी काढे उकळणे, कोणाच्या पेटीत काय उरले याचा जमाखर्च ठेवणे, हे सारे खाते तिचे होते. लढाईच्या मध्यावर जेव्हा दोघांचे बाण एकदमच संपले, तेव्हा ती मनोऱ्याच्या पायथ्याशी पेटी मांडून तयार होती.

ड्रॅगन पडल्यावर त्याचे एकच अंडे मागे राहते, आणि साऱ्या मुलखात दुसरे मिळत नाही. ते हाताने उचलता येत नाही, शिवले की उडून दुसरीकडे जाते. पिस्टनने ढकलून ते घेता येते. ते कोणाच्या घरी ठेवावयाचे याचा निकाल लावण्यास त्यांना लढाईपेक्षा अधिक वेळ लागला, आणि शेवटी चौघांच्या एकमताने ते पाचवीच्या कोठारात, भट्ट्यांच्या रांगेवर, ठेवले गेले. तिने त्याच्या चारी बाजूंना टॉर्च लावले आणि पुढच्या शनिवारसाठी यादी वाचून दाखविली: विदर नावाच्या त्रिशीर्ष राक्षसाला आवाहन करण्यासाठी चार ठोकळे प्रेतवाळू आणि तीन काळ्या कवट्या हव्या होत्या, त्यांपैकी कवटी अजून एकच मिळाली होती, आणि त्याच्या बाधेवर उताऱ्याला लागणारे दूध कोणीच आणलेले नव्हते.